मास्तरांचे हात आणि सासूबाईंचा कंडेन्सर

माझ्या सासूबाईंना घरघर खपत नाही. माणसाची खपते, सासरे पस्तीस वर्षं शेजारी घोरतायत, त्याबद्दल चकार शब्द नाही. पण यंत्राने घूं केलं की संपलं. फ्रिज घुमला की त्याच्या पायाखाली पुठ्ठा सरकवतात. ट्यूबलाइट कुरकुरली की स्टूल ओढतात. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंच्या घरात शिरून, "बसा, बसा, तुमचं चालू द्या," म्हणत त्यांचा पंखा खाली उतरवला, तेल घातलं आणि परत टांगून आल्या. ती माणसं जेवत होती. आल्यावर एवढंच म्हणाल्या, "चांगली माणसं आहेत. पंख्याकडे लक्ष नव्हतं बिचाऱ्यांचं."

लग्नाआधी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो नवा शर्ट घालून आणि उत्तरं पाठ करून. नोकरी कुठे, पगार किती, सिगारेट ओढता का, सगळं तयार. सासूबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलंच नाही, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "आत्ता खाली जी स्कूटर थांबली ती तुमची का? पंखा घासतोय तिचा." आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. आणि स्कूटरला पंखा असतो हेच मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्या स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेल्या, वीस मिनिटांनी काळे हात घेऊन वर आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मुलगा बरा आहे. शिकेल." झाली माझी मुलाखत. पाठ केलेली उत्तरं अजून तशीच पडून आहेत.

त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येतात ते फक्त गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर, आणि तेही जुन्या पद्धतीचे, व्हॉल्व्हवाले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बाटली. तिच्या आत एक तार लालबुंद तापते आणि तिच्या जोरावर आवाज मोठा होतो. सासूबाईंचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. ही मुलगी शाळेतून आली की दप्तर फेकून त्यांच्या टेबलाखाली बसायची आणि खाली सांडलेले स्क्रू आकारानुसार लावायची. पुढे रेडिओतले व्हॉल्व्ह गेले, मग रेडिओही गेले, दुकान मात्र राहिलं. व्हॉल्व्हला जिवापाड धरून बसलेली एकच जमात जगात उरली, ती म्हणजे गिटारवाले. तेव्हा सासूबाई आपसूक त्यांच्या झाल्या. गावभरचे गिटारवाले त्यांना मागून "चिडीचूपबाई" म्हणतात. समोर फक्त "बाई".

हे नाव पडलं त्यांच्या परीक्षेवरून. अ‍ॅम्प दुरुस्त झाला की त्या दुकानाची खिडकी लावतात, पंखा बंद करतात, मला श्वास हळू घ्यायला सांगतात. मग गिटार न जोडता अ‍ॅम्पचा आवाज शेवटपर्यंत पिरगाळतात आणि स्पीकरला कान लावतात. त्या अवस्थेत आतल्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली तरच अ‍ॅम्प पास. नाही आली तर पुन्हा उघडायचा. बाकी कोणी दुरुस्ती करणारा गाणं वाजवून बघतो. आमच्याकडे घड्याळ ऐकून बघतात.

याच्या मुळाशी असतो कंडेन्सर. मला तो त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी शिकवला, मी नको म्हणत असताना. भिंतीतून येणारी वीज अ‍ॅम्पच्या आत सरळ केली तरी ती हिसके देत देत येते, सेकंदाला शंभर हिसके. कंडेन्सर ही मधली टाकी. नळ आचके देत आला तरी टाकीच्या तोटीतून धार सरळ पडते, तसं. टाकी लहान असली की थोडे हिसके पुढे सुटतात आणि स्पीकर घूं करतो. टाकी मोठी असली की तो गप्प. यावर सासूबाईंचं तत्त्वज्ञान अगदी सुटसुटीत होतं: टाकी मोठी बसवा. पूर्वी मोठे कंडेन्सर डब्याएवढे असायचे, अ‍ॅम्पमध्ये मावायचे नाहीत. अलीकडे अंगठ्याएवढे मिळायला लागले, आणि सासूबाईंना रान मोकळं झालं.

आता मास्तर.

मास्तर म्हणजे स्टेशनसमोरच्या नाचाच्या हॉलमध्ये दर शनिवारी वाजणाऱ्या बँडचे गिटारवाले. वय अडुसष्ट. उंच, बारीक, आणि बोलताना सतत मांडीवर बोटं वाजवणारे. चाळीस वर्षं ती एकच खुर्ची, तो एकच अ‍ॅम्प. त्यांच्या वाजवण्यावर नाचता नाचता गावातली अर्धी लग्नं जमली असं ते स्वतः सांगतात. उरलेली अर्धी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी जमली असावीत. उन्हाळ्यात एके सकाळी ते हातगाडीवर अ‍ॅम्प घालून दुकानात आले आणि खुर्ची ओढून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, यात भूत आहे."

"कसलं भूत?"

"वरचा स्वर लावला की त्याच्या खाली दुसरंच कोणीतरी गातं. बेसूर. मी थांबलो की तेही थांबतं."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा कपाळावर गेला. "मास्तर, ते भूत नाही, तुमचे कंडेन्सर सुकलेत. चाळीस वर्षं झाली त्यांना. विजेचे हिसके तुमच्या स्वरात मिसळतात आणि तिसराच स्वर तयार होतो. चार दिवसांनी या. भूत, भुताची बायको, पोरं, सगळी बाहेर."

आणि खरंच काढली. सुकलेल्या कंडेन्सरच्या जागी तेवढेच नवे बसवले असते तरी भूत गेलं असतं. पण तेवढ्यावर थांबतील तर त्या सासूबाई कसल्या. त्यांनी सहापट मोठे बसवले. एवढी मोठी टाकी भरायला अ‍ॅम्पमधल्या वीज सरळ करणाऱ्या म्हाताऱ्या व्हॉल्व्हच्या छातीत दम नव्हता, म्हणून त्यालाही रजा देऊन त्याच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे डायोड लावले. परीक्षेच्या दिवशी अ‍ॅम्प पूर्ण आवाजावर असताना घड्याळाची टिकटिकच काय, आत सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं तेही ऐकू आलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मास्तर अ‍ॅम्प घेऊन गेले, "बाई, देव आहात" म्हणाले, आणि चार महिने फिरकले नाहीत.

मग गेल्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी, तीच हातगाडी पुन्हा दुकानाच्या पायरीला लागली. मास्तरांच्या खांद्यावर गिटार होती आणि उजव्या मुठीत एक लाल रबरी चेंडू. ते तो एकसारखा दाबत होते.

"बिघडला?" सासूबाई ताडकन उठल्या. त्यांच्या दुकानातून गेलेला अ‍ॅम्प परत आल्याचा इतिहास नव्हता.

"छे, छे. काम अप्रतिम आहे तुमचं. आवाज कसा, आरशासारखा. बिघडलो मी." मास्तरांनी चेंडू दाबून दाखवला. "हात गेले, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे गेले. स्वर लावतो, पण तो येतच नाही माझ्याकडे. पूर्वी जोरात तार छेडली की ती जरा दबायची, मग फुलून वर यायची. हळू छेडली की कुजबुजायची. आता काहीही करा, टण्! भिंतीवर टाळी मारल्यासारखं. डॉक्टरकडे दोनदा गेलो. तो म्हणतो, बोटं ठीक आहेत, वय झालं. हा चेंडू त्यानेच दिला." त्यांनी पुन्हा चेंडू दाबला. "परवा शनिवारी शेवटचं. हॉलमध्ये सांगून टाकतो, खुर्ची माझ्या विद्यार्थिनीला देतो. गिटारही तिलाच. अ‍ॅम्प तुम्ही ठेवा. तुमच्याइतकं त्याच्यावर कोणी जीव टाकलेला नाही."

ज्या माणसाने चाळीस वर्षं शनिवार सोडला नाही तो दुकानात उभा राहून आपलं सामान वाटत होता, आणि तेही इतकं हसून की रडूही येईना.

त्या दिवशी सकाळीच दुसरा एक अ‍ॅम्प दुरुस्तीला आला होता. छोटा, फाटक्या कापडाचा, कुठल्यातरी माळ्यावरून उतरवलेला; सासूबाईंनी त्याला अजून हातही लावला नव्हता. त्याचा घूं असा की रस्त्यावरचे लोक मधमाश्या शोधत होते. मास्तरांनी त्याच्याकडे बघून म्हटलं, "हा कोण गुरगुरतोय? बघू जरा, शेवटचं म्हणून," आणि गिटारची वायर त्यात खोचली.

आणि मग काय सांगू.

पहिल्याच फटक्याला मास्तरांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याला पाय हलायला लागला. तिसऱ्याला ते खुर्चीवरून उठले. बोटं अशी धावायला लागली की मला त्यांची मोजदाद जमेना; मला शपथेवर वाटलं सहा-सात असावीत. शेजारचा चपलांचा दुकानदार एका हातात एकच चप्पल घेऊन आत आला आणि तसाच उभा राहिला. त्याचं गिऱ्हाईक एका पायावर लंगडत त्याच्या मागून आलं. पाच मिनिटं असा कल्ला झाला की स्क्रूंचे डबे टेबलावरून चालायला लागले. मास्तर थांबले तेव्हा धापा टाकत होते.

"बघा," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले, "आज जरा परत आले हात. जाता जाता निरोप घ्यायला आले असतील."

चेंडू खिशात घालून ते निघून गेले. अ‍ॅम्प मागे राहिला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. तारेवर बसलेल्या कावळ्यासारख्या त्या आपल्या शांत अ‍ॅम्पकडे एकदा आणि गुरगुरणाऱ्या अ‍ॅम्पकडे एकदा बघत होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "उद्या सुट्टी टाका."

शुक्रवारी सकाळी नऊला दोन्ही अ‍ॅम्प उघडे करून टेबलावर शेजारी शेजारी. माझ्या बायकोची कॉलेजातली गिटार माळ्यावरून काढली होती. सासूबाईंनी एक हात पाठीमागे ठेवला, कारण आतली वीज जीवघेणी असते आणि दोन्ही हात घातले की ती छातीतून वाट काढते, आणि दुसऱ्या हाताने काट्याच्या जुन्या मीटरची वायर आधी छोट्या अ‍ॅम्पला लावली.

"मारा," त्या म्हणाल्या.

"काय मारू?"

"तार हो! जोरात. साहेबाचा राग काढा."

मला गिटार वाजवता येत नाही, पण साहेबाचा राग भरपूर आहे. मी सगळ्या तारांवर एकदम हात ओढला. मीटरचा काटा खाली झुकला, झुकून थांबला, आणि स्वर विरत गेला तसा सावकाश वर आला. पुन्हा मारलं, पुन्हा झुकला. जसा काही काटा मला नमस्कार करत होता. मग वायर मास्तरांच्या अ‍ॅम्पला लावली. मी मारलं. काटा ढिम्म. पुन्हा मारलं, साहेबाच्या साहेबाचाही राग काढला. काटा आपला सरकारी नोकरासारखा जागच्या जागी.

"सरका," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी गिटार गळ्यात घातली. तीस वर्षं गिटारवाल्यांचे अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या या बाईने त्या दिवसापर्यंत एकही तार छेडली नव्हती. स्वयंपाकी आयुष्यभर फक्त भांडी चमकवत बसला असावा तसा प्रकार. त्यांनी मास्तरांच्या अ‍ॅम्पवर एक फटका मारला आणि तोंड वाकडं केलं. छोट्यावर मारला आणि गप्प झाल्या. पुन्हा मारला. हळू मारला. जोरात मारला. मग जे सुरू झालं ते अर्धा तास थांबेना. एकच फटका, वेगवेगळ्या जोराने, दोन्ही अ‍ॅम्पवर आळीपाळीने. सासरे वर्तमानपत्र घेऊन खाली आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "घरात काही झालंय का?"

"अहो, हा दबतो!" त्या ओरडल्या. "गादीवर बसल्यासारखं. आपण बसलो की खाली जातो आणि मग उचलून धरतो. आणि माझा... माझा म्हणजे फरशी. चकचकीत फरशी."

हे जमतं कसं ते त्यांनी मग मला समजावलं, म्हणजे स्वतःलाच समजावलं. टाकी लहान असली की जोराचा फटका बसताच तिच्यातलं पाणी जरा उतरतं. वीज क्षणभर कमी पडते, आवाज थोडा मागे सरतो, आणि टाकी भरत आली की फुलून पुढे येतो. म्हातारा व्हॉल्व्हही तेव्हा दम खातो, म्हणून हे सगळं आणखी सावकाश होतं. ते मागे सरणं वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतं. त्याला वाटतं, अ‍ॅम्प आपलं ऐकतोय. सासूबाईंनी टाकी एवढी मोठी केली होती की मास्तरांनी डोकं आपटलं असतं तरी ती हलली नसती. त्यांनी भूत काढता काढता घरमालकालाही बाहेर काढलं होतं.

"मग बदलून टाका," मी म्हणालो.

"बदलते. बदलणं सोपं आहे." त्या स्टुलावर बसल्या. "सांगायचं कसं? माझं काम कधी परत आलेलं नाही, जावईबापू."

"सांगू नका. गुपचूप बदला. मास्तरांना वाटेल हात परत आले."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू स्कूटरचा पंखा पुन्हा घासायला लागला असावा.

"आणि पुढच्या वेळी हात खरंच दुखले तर? तेव्हा तो माणूस काय समजेल? आपल्या हातांवर विश्वास ठेवायचा की नाही, हेच त्याला कळायचं नाही. नाही. सांगावं लागेल."

सासरे वर्तमानपत्रातून म्हणाले, "मी सांगू का?"

"तुम्ही वाचा."

डायोड निघाले. जुना व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून कपाटात ठेवला होता, तो आपल्या जागी परतला. सुकलेले कंडेन्सर अर्थातच परत लावायचे नव्हते. मूळ मापाचे नवे लावले. अ‍ॅम्प सुरू केला आणि स्पीकरमधून बारीक, गोड, पण स्पष्ट असा घूं आला. सासूबाईंचा हात आपोआप मोठ्या कंडेन्सरच्या डब्याकडे गेला. मी डबा उचलून पाठीमागे धरला.

"द्या इकडे."

"नाही देणार."

"एकच. शेवटच्या टाकीला."

आणि हे मात्र त्यांचं खरं होतं. अ‍ॅम्पमध्ये एकामागे एक अशा तीन-चार टाक्या असतात. पहिली, जिच्यातून मोठा आवाज करणारे व्हॉल्व्ह पितात, ती लहान हवी. दबणं तिथे होतं. शेवटची छोट्या, नाजूक व्हॉल्व्हला पाजते. तिथला हिसका पुढे कितीतरी पटींनी मोठा होतो. तेव्हा ती मोठी केली तरी बोटांना काही कळत नाही, फक्त घूं निम्मा होतो. दुपारभर त्या एकेक माप लावत होत्या, वीज बंद, टाकी रिकामी, सोल्डर, वीज सुरू, फटका, मान तिरकी. जेवायला वर आल्या नाहीत. चारच्या सुमाराला मी डोळे मिटून बसलो असताना त्यांनी असा एक फटका मारला की माझ्या अंगावर काटा आला, आणि मी गिटारमधलं ओ की ठो न कळणारा माणूस आहे.

"हा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मग त्यांनी सवयीने खिडकी लावली, पंखा बंद केला, आवाज पूर्ण पिरगाळला आणि कान लावला. घड्याळ ऐकू आलं नाही. त्या बराच वेळ तशाच वाकून उभ्या होत्या. शेवटी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "नापास. बांधा."

शनिवारी दुपारी चारला हॉलमध्ये बँडची तयारी चालू होती. अ‍ॅम्प मी उचलून नेला; जावयाने पंचवीस किलो लोखंड उचलून चालावं आणि सासूने मागून "कोपरा सांभाळा, अ‍ॅम्पचा" म्हणावं, असं आमचं नातं आहे. मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजच्या कडेला बसले होते. त्यांची विद्यार्थिनी, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, त्यांची गिटार मांडीवर घेऊन दुसऱ्याचं बाळ धरल्यासारखी अवघडून बसली होती. ड्रम वाजवणारे बेकरीवाले खिशातला कागद काढून ओठ हलवत होते. निरोपाचं भाषण त्यांच्याकडे होतं.

"बाई!" मास्तर उठले. "तुम्ही निरोपाला आलात!"

"मी कबूल करायला आले," सासूबाई म्हणाल्या. त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की बेकरीवाल्यांचा कागद खाली पडला. "मास्तर, तुमचे हात ठणठणीत आहेत. तुमचा अ‍ॅम्प मी मारला. भूत काढायला सांगितलं होतंत, मी शहाणपणा करून वीज इतकी घट्ट केली की त्याचं दबणं-फुलणं गेलं. चार महिने तुम्ही भिंतीवर वाजवत होतात. चूक माझी."

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की एरवी सासूबाईंनी तिला पास केलं असतं.

"म्हणजे," मास्तर हळूहळू म्हणाले, "वय..."

"वय झालंय. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"मी चार महिने चेंडू दाबला!"

"हो."

"डॉक्टरकडे दोनदा गेलो! तेल चोळलं! बायको रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावते!"

"ती तू आवडीने लावून घेतोस," बेकरीवाले म्हणाले.

"तू गप्प रे!" मास्तरांचा आवाज चिरकला. ते सासूबाईंकडे दोन पावलं आले, थांबले, हात वर केला, आणि त्या हाताचं काय करावं हे न कळून तो तसाच हवेत ठेवला. मला वाटलं आता हा माणूस ओरडणार, आणि त्याचं ओरडणं रास्तच होतं. सासूबाई मान खाली घालून उभ्या होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं आणि बघवतही नव्हतं.

विद्यार्थिनीने ते सोडवलं. तिने उठून गिटार सरळ मास्तरांच्या गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "सर, आधी वाजवून बघा. भांडण नंतर करू. मला काल रात्रभर झोप नाही."

मी वायर खोचली. अ‍ॅम्पने घूं केलं. मास्तरांनी हवेतला हात खाली आणला आणि एक तार छेडली, फक्त एक. ती दबली आणि फुलून वर आली. ते तिच्याकडे बघत राहिले, जुना मित्र बाजारात अचानक दिसावा तसे. मग दुसरी. मग सगळ्या. मग मास्तर कोणालाच ऐकेनात. बेकरीवाल्यांनी घाईघाईने काठ्या शोधल्या, एक सापडली, दुसरीच्या जागी त्यांनी पाव उलटायचा चमचा घेतला. झाडू मारणारी बाई झाडूसकट गिरकी घेत हॉलच्या मध्ये आली. मी नाचत नाही, मला नाचता येत नाही, पण माझे पाय काय करत होते हे मी त्या वेळी त्यांना विचारलं नाही. विद्यार्थिनी स्टेजवर उड्या मारत होती. खुर्ची गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मास्तर हसत होते, घामाने शर्टाची इस्त्री गेली होती, आणि वरचा स्वर लावताना ते डोळे मिटून "हं! हं!" करत होते.

अर्ध्या तासाने ते थांबले. बेकरीवाल्यांनी धापा टाकत जमिनीवरचा कागद उचलला. "आणि मी हे भाषण पाठ केलंय, त्याचं काय?"

"जपून ठेव," मास्तर म्हणाले. "मी मेलो की कामाला येईल." मग सासूबाईंकडे वळून, अजून थोडे रागात आणि अजून थोडे हसत, "बाई, तुम्हाला माफ करायला मला एक-दोन शनिवार लागतील."

"लागू देत," सासूबाई म्हणाल्या. "मी येत जाईन."

त्या रात्री सगळं गाव तिथे नाचलं असं मास्तर सांगतात. मी सांगतो, निम्मं.

सोमवारी संध्याकाळी मी दुकानात गेलो तर सासूबाई फोनजवळ बसलेल्या. पुढ्यात दुरुस्तीची वही उघडी, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि वहीत अकरा ठिकाणी लाल खुणा. अंगठ्याएवढे कंडेन्सर मिळायला लागल्यापासून त्यांनी असेच अकरा अ‍ॅम्प शांत केले होते. त्यांच्या लक्षात ते रविवारी सकाळी दात घासताना आलं होतं.

"हॅलो, मी दुरुस्तीवाल्या बाई बोलतेय. नाही, पैशांचं काही नाही. तुमचे हात कसे आहेत?"

पलीकडचा माणूस गोंधळला असावा.

"हात हो, हात. बोटं. वाजवता का अजून?... बरं. आणि मजा येते?... अगदी खरं सांगा." त्यांनी एक खूण खोडली. "छान. तुम्हाला तसाच घट्ट आवडतो म्हणता? मग ठेवा."

पाच फोन असे झाले. दोघांना अ‍ॅम्प तसाच आवडत होता. त्यातला एक म्हणाला की शांतता हीच तर गंमत आहे, आणि सासूबाईंनी त्याच्याशी नको इतका वेळ गप्पा मारल्या. एकाने अ‍ॅम्प विकला होता. दोघे "आणतो उद्या" म्हणाले. सहावा नंबर गावाबाहेरच्या गॅरेजवाल्याचा होता. सासूबाईंनी तोच प्रश्न विचारला आणि पलीकडे काहीच आवाज आला नाही. मी टेबलाच्या या बाजूने पाहत होतो. त्या फोन कानाला घट्ट दाबून बसल्या होत्या.

"हॅलो?... आहात ना?"

मग पलीकडून काहीतरी आलं, बारीक. सासूबाईंनी ते ऐकलं, हळूच "नाही हो, कोणी नाही सांगितलं, मीच विचारतेय," म्हणाल्या, आणि पुढे, "गिटार कुठे आहे?... पलंगाखाली? ठीक आहे. काढून ठेवा. पुसू नका, काही करू नका, नुसती काढून ठेवा."

फोन ठेवून त्यांनी सोल्डरिंग आयर्न, काट्याचा मीटर आणि कंडेन्सरची लहान पुडी पिशवीत टाकली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "स्कूटर काढा."